आहेराचं कुंपण

आहेराच्या साडीला एक जन्म पुरत नाही. एका लग्नात मिळालेली साडी दुसऱ्याच्या वास्तुशांतीला जाते, तिथून तिसऱ्याच्या डोहाळजेवणाला. घडी मोडत नाही, रंग विटत नाही, नेसत मात्र कुणीच नाही. जयमालाच्या लोखंडी पेटीत अशा साड्यांची चळत होती, आणि यंदा प्रथमच तिला त्यांचा उपयोग सुचला.

हायवेला लागून, चारोटीच्या अलीकडे वडिलांनी तिच्या नावावर केलेला जमिनीचा तुकडा होता. लागोपाठ दोन वर्षं तिथली रताळी रानडुकरांनी उकरून खाल्ली होती. नवरा गोपीनाथ डहाणू रोड स्टेशनात तिकीट खिडकीवर बसे, त्याने खिडकीतल्याच आवाजात निकाल दिला, "यंदा पीक हाती लागलं तर ठीक. नाहीतर जागा त्या शेजारच्या धाबेवाल्याला ट्रक उभे करायला द्यायची."

शेजारच्या शुक्रीने जुन्या लुगड्यांचं कुंपण केलं होतं आणि तिच्याकडे डुकरं फिरकत नव्हती. जयमालाला वाटलं, जुन्या चालतात तर कोऱ्या दुप्पट चालतील. मोरपंखी, गुलबक्षी, जरीकाठी, सगळ्या बांधल्या. शेत असं नटलं की हायवेवरच्या एका कुटुंबाने मंगल कार्यालय समजून गाडी आत घातली.

आठवडाभरात डुकरंही आली.

"बाय, तू मांडव घातलास, मग वऱ्हाड येनारच ना!" शुक्री बांधावरून हसली.

गोपीनाथ मोबाइलमध्ये धाबेवाल्याचा नंबर शोधू लागला. जयमाला मात्र वाकून खुरांचे ठसे बघत कुंपणाभोवती फिरली. मोरपंखीखालून वाट, गुलबक्षीखालून वाट. एका कोपऱ्यात साडी कमी पडली म्हणून तिने घरात नेसायची सुती बांधली होती. तिथवर ठसे आले होते, घुटमळले होते आणि माघारी वळले होते. तिने मोरपंखीचा पदर नाकाला लावला: डांबराच्या गोळ्या. मग सुतीचा: हिंग, खोबरेल, घाम.

"अहो, डुक्कर डोळ्यांनी अधू, पण नाकाने तिखट. ते माणसाच्या वासाला भितं. आणि या साड्यांना माणूस कधी शिवलेलाच नाही!"

"मग?"

"मग काय, नेसायच्या."

रोज एक आहेर अंगावर चढवायचा, वेलांमध्ये खुरपत घाम गाळायचा आणि साडी न धुताच बांधायची. सर्वांत वाईट होती ती बोर्डीच्या नणंदेने, रुचिताने दिलेली गुलबक्षी. जर टोचायची, वारा आत यायचा नाही, आणि डांबराचा वास तर सुटता सुटेना. ती जयमालाला लागोपाठ कितीतरी दिवस नेसावी लागली. एकदा तशीच ती डहाणूच्या बाजारात गेली. बातमी बोर्डीला पोचली.

"वहिनी, नेसलीस गं अखेर माझी साडी!" रुचिताने फोनवर तीनतीनदा म्हटलं. दोन दिवसांनी चिकूंची पिशवी घेऊन ती थेट शेतावर हजर.

गुलबक्षी दोन बांबूंमध्ये चिखल अंगावर घेऊन फडफडत होती.

"ही माझी साडी? डुकरांसमोर?"

जयमालाने मनात हिशेब केला. आज ही उतरली की उद्या मामेसासू आपली मागणार, परवा आत्या. महाशिवरात्र तोंडावर, रताळी जमिनीत तयार, आणि कुंपण नात्यागोत्याच्या हवाली.

"रुचिताताई, रागवा, पण आधी खाली बघा."

रुचिता रागातच वाकली. ठसे साडीपर्यंत येऊन खरोखरच उलट फिरले होते.

"तुमच्या साडीपुढे डुक्कर टिकत नाही, ताई."

रुचिताने पलीकडे मान वळवली. "आणि ती निळी?"

"तुमच्या जाऊबाईंची. दक्षाबेनची. तिच्याखालून काल डुकरं पिलांसकट गेली."

निळी अजून नेसायची राहिली होती. पण ते कुणी विचारलं नव्हतं.

"जाणारच!" रुचिताचा चेहरा उजळला. "तिच्या साड्यांत दम कुठला? सुरतेहून गठ्ठ्याने आणते." मग तिने पदर खोचला आणि गुलबक्षीची गाठ सोडली. "अशी मागच्या बाजूला काय लपवलीस, वहिनी? रस्त्याकडे बांध. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."

बांबूला तिने स्वतः दुहेरी गाठ मारली, समोर उभी राहून फोटो काढला आणि तिथल्या तिथे दक्षाबेनला पाठवला.

ती रिक्षात बसून गेली तशी जयमालाने निळी उतरवली आणि अंगावरच्या साडीवरूनच गुंडाळली. खुरपं उचललं. ऊन अजून बरंच होतं.

गोपीनाथ बांधावर फोन धरून उभा होता. "धाबेवाला विचारतोय, काय सांगू?"

"सांगा," वेलांमधून आवाज आला, "जागा भरलेली आहे."