साड्यांचा आडोसा

सहा साड्या मुळातच डागी आल्या, असं मी रशीदाबेनना सांगितलं. त्यांनी उलटून एक प्रश्न विचारला नाही. तेच आता खातंय मला.

आमचा करार साधा. व्याज त्यांच्या धर्मात चालत नाही, म्हणून त्या माझ्या हातून व्यापार करवत. वकाला म्हणतात त्याला. पैसा त्यांचा, माल त्यांचा. मी सुरतच्या मार्केटमधून साड्या आणून आमच्या लिंबायत वस्तीत विकायच्या. मला साडीमागे चाळीस रुपये. नफा-तोटा त्यांचा.

"फक्त माझा माल स्वतःसाठी वापरायचा नाही," त्या म्हणाल्या होत्या. "हलगर्जी केलीस तर भरपाई तुझी."

मी वापरला. माझी मानसी सात महिन्यांची. पोळ्या लाटायला उठताना ती पलंगावरून पडू नये म्हणून साड्यांचे गठ्ठे तिच्या कडेला लावले. गठ्ठ्याला पाय टेकून काय गोड झोपली होती! परत आले तर तिच्या शूने सहा साड्या ओल्या, काठाचा लाल रंग पांढऱ्यात उतरलेला.

"मालच डागी होता, बेन."

"तारो शब्द बस छे, दीकरी. तोटो मारो." माझा शब्द त्यांना पुरेसा होता.

चार दिवसांनी त्याच म्हणाल्या, "व्यापाऱ्याला झापलं मी. माल तपासणाऱ्या शालिग्रामला तो उद्यापासून काढतोय."

शालिग्रामभाऊ! गठ्ठे रिक्षात ठेवताना मानसीला विचारायचे, "काय शेठाणी, आज काय भाव?"

घरी आले तेव्हा माझा नवरा हेमराज लूमच्या कारखान्यातून येऊन जेवत होता. माझं ऐकून त्याचा घास थांबला. "आते जाय, सांगी दे. नि पोरनं नाव नको पुढे करू."

मानसीला कडेवर घेऊन तशीच लगेच रशीदाबेनकडे गेले. सगळं सांगितलं.

"साड्यांचं काय एवढं," रशीदाबेन म्हणाल्या. "मागितली असतीस तर लोड-तक्के दिले असते. पण तुझ्या शब्दावर मी एका माणसाच्या पोटावर पाय दिला."

त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला.

"बोलो, बेन," व्यापारी म्हणाला.

"मी जयश्री. साड्या माझ्याकडून खराब झाल्या. शालिग्रामभाऊंना काढू नका. पैसे मी बेनना भरते."

"मग सकाळी दुकानात या. त्याच्या तोंडावर सांगा."

"येते," म्हटलं. रशीदाबेननी मानसीला माझ्याकडून घेतलं. ती त्यांच्याकडे बघून हसली. मला वर बघवेना.