भोवळ, घेरी, अंधारी

मित्रांनो, मी आजारांच्या नावांचा एक जुना, जाडजूड कोश आहे. एका दुपारी माझ्यासमोर जे घडलं, त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

मी सहजासहजी तयार झालो नाही. ठिकठिकाणचे डॉक्टर वर्षानुवर्षं एका टेबलाभोवती वाद घालत बसले होते. एकाच दुखण्याला दहा जण दहा नावं देणार, मग नोंदींतून ते शोधायचं कसं? शेवटी ठरलं, की एका त्रासाचं एकच ठरलेलं नाव आणि एकच क्रमांक. त्याखाली लोकांच्या तोंडची बाकीची नावं. मी नवाकोरा होतो तेव्हा काय मान होता मला! नव्या औषधांची चाचणी घेणाऱ्या या रुग्णालयात माझं पान उघडल्याशिवाय एकही नोंद होत नसे.

मग कॉम्प्युटर आला. "आता शोधायला मशीन आहे," म्हणत जो तो आपापल्या शब्दांत नोंदी टाकू लागला. पडद्याला जरा उंची हवी होती, म्हणून मला त्याच्याखाली सरकवलं. वाईट वाटलं. पण म्हातारपणी कुणाचा आधार होता आलं, हेही काही थोडं नाही.

तेव्हा रक्तदाबाच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. ती गोळी घेणारे एक ड्रायव्हरकाका त्या दुपारी काकूंना घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर रुजू व्हायचं होतं, आणि गाडी चालवायला हरकत नाही अशी डॉक्टरांची सही हवी होती.

"डॉक्टरबाई, सही द्या, म्हणजे मी सुटलो. घरी बसून हिची बोलणी खाऊन पोट भरलंय."

"आणि परवा अंधारी आली ते कोण सांगणार?" काकू म्हणाल्या. "नळ धरून उभे होते, बाई."

"अगं, जरा पटकन उठलो एवढंच."

बाईंनी मशीनमध्ये 'भोवळ' टाकलं. पडद्यावर एकाच रुग्णाचं नाव आलं.

"सगळ्या चाचणीत एकालाच झालंय. काळजी नको," म्हणत त्यांनी पेन उघडलं.

"पण मी भोवळ कुठे म्हणाले? मी अंधारी म्हणाले."

पेन थांबलं. बाईंनी 'अंधारी' टाकलं. पडद्यावर वेगळीच माणसं आली, आणि बरीच.

"आमच्या वॉर्डात घेरी लिहितात," शेजारी नोंदी लावत बसलेल्या सिस्टर हळूच म्हणाल्या. 'घेरी' टाकलं. पुन्हा नवी माणसं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणखी काय काय लिहिलं असेल? आपला कोश कुठाय?"

"अहो, त्याच्यावरच तर पडदा उभाय!" सिस्टर म्हणाल्या.

मला ओढून काढलं. 'चक्कर' हे माझ्यातलं ठरलेलं नाव. त्याखाली भोवळ, घेरी, अंधारी, गरगरणं. दोघी एकेक नोंद उघडून तिला माझा क्रमांक देऊ लागल्या.

"हा तर बेशुद्धच पडला. यालाही तोच देऊ?" सिस्टरांनी विचारलं.

"नको, त्याचा क्रमांक वेगळा आहे. ते वेगळं शोधू."

उन्हं कलली. मग बाईंनी शब्दाऐवजी नुसता क्रमांक टाकला. नावं वर सरकू लागली, ती थांबेचनात. मी तर पानापानांतून हादरलो. इतकी माणसं इतके दिवस याच मशीनमध्ये होती, आणि कुणालाच दिसली नव्हती!

सही झाली नाही. बाईंनी काकांना पूर्वीची गोळी लिहून दिली आणि चाचणी त्याच संध्याकाळी थांबवली. काका बाकावर मटकन बसले.

"उद्या शाळेची बस होती माझ्याकडे," एवढंच ते म्हणाले. काकूंनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

सिस्टर ती गोळी घेणाऱ्या एकेकाला फोन लावत होत्या. क्रेन चालवणाऱ्या एकाच्या आईने फोन उचलला. "आजच पडला हो तो वरून. पाय मोडलाय. पण तुम्हांला इतक्यात कसं कळलं?"

सिस्टरांनी त्याची गोळी आजच बंद करायला सांगितली आणि पुढचा नंबर फिरवला.

मित्रांनो, माणूस आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगतो, ते शब्द जसेच्या तसे लिहा. पण शेजारी त्याचं ठरलेलं नावही न चुकता लिहा, कितीही घाई असली तरी. एकाचा त्रास दुसऱ्याला वेळेवर कळावा, एवढ्यासाठीच तर आम्हांला जन्माला घातलं आहे.