मिस्त्रींचा सांधा

सासूबाईंच्या नाकाला सगळी गल्ली वचकून असे. तीन घरं पलीकडे दूध करपलं तरी त्या घरातल्यांच्या आधी यांना कळायचं. त्यामुळे गेल्या आठवड्यात गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "पेट्रोलचा वास येतोय," तेव्हा मिस्त्रींनी वाद घातला नाही. बॉनेट उघडलं. पेट्रोल खेचणाऱ्या पंपाकडून इंजिनाकडे जाणारी रबराची नळी चिरली होती.

मिस्त्रींनी चौतीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या. त्यांनी बसवलेला एकही सांधा कधी गळला नाही, एवढी एकच गोष्ट ते चारचौघांत मिरवायचे. बायको जाऊन चौदा महिने झाले होते. लेकीच्या आजारपणात मदतीला म्हणून आलेल्या सासूबाई नंतरही राहिल्या, आणि दोघांचं बरं चाललं होतं. सकाळचा चहा मिस्त्री करायचे, त्याला नावं सासूबाई ठेवायच्या.

मग मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, आईला आता आमच्याकडेच राहू दे. तुम्हाला किती दिवस त्रास द्यायचा?" रविवारी मिस्त्रींनी त्यांना गाडीने नेऊन सोडायचं ठरलं. सासूबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि दोन पिशव्या भरून ठेवल्या. मिस्त्रींना त्यांनी जायला नको होतं. पण लेक आईला बोलावतोय, त्यात जावयाने कुठल्या तोंडाने आडवं यायचं? ते बाजारात गेले आणि नवी नळी घेऊन आले.

शनिवारी सकाळी मागच्या दारात काम मांडलं. नळीवर स्टीलच्या बारीक तारांची घट्ट वीण होती.

"ही काय, सापाची कात आणलीत?" सासूबाई म्हणाल्या.

"आत रबर, वरून तारेची जाळी. तापून चिरत नाही, उंदीर कुरतडत नाही."

"मग थोडी माझ्या गुडघ्यांना पण घाला."

मिस्त्रींनी पंपापासून इंजिनापर्यंत दोरा धरून माप घेतलं, नळी कापली, दोन्ही टोकांना फिटिंग चढवली. दीड तास गेला. गाडीत लावायला गेले तर नळी कपडे वाळत घालायच्या तारेसारखी ताणली गेली. इंजिन चालू झालं की हलतं, म्हणून नळीला थोडी ढील ठेवावी लागते. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मिस्त्रींनी त्याला महिनाभर सुनावलं असतं.

"मुद्दाम केलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो, आई."

"चौतीस वर्षांत कधी नळी आखूड कापली होती?"

"नाही."

"मग?"

"लक्ष नव्हतं."

सासूबाई जवळ आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि हात पुढे केला. "ती टेप द्या इकडे."

टेप गुंडाळायचं काम बायकोचं असायचं. जाळीची नळी तशीच कापली तर तारा झाडूसारख्या विस्कटतात आणि फिटिंगच्या बाहेरच्या टोपणात, सॉकेटमध्ये, शिरत नाहीत. म्हणून कापायच्या जागी टेप आवळून गुंडाळायची आणि टेपेवरूनच करवत चालवायची. एकट्याने ते नीट होत नाही. सकाळच्या कापण्यात मिस्त्रींची तीन बोटं तारांनी टोचली होती.

सासूबाईंनी जखमेला पट्टी बांधावी तशी टेप ओढून बांधली. "ती अशीच बांधायची?"

"दोन वेढे जास्त घालायची. मी म्हणायचो, टेप फुकट येत नाही."

"आणि ती?"

"ती आणखी एक घालायची."

सासूबाई हसल्या आणि तीन वेढे वाढवले.

उरलेल्या नळीवर या वेळी माप बोटभर जास्त घेतलं. बारीक दातांच्या पात्याने मिस्त्रींनी सावकाश कापलं. एक तार सुटली नाही. नळी पिळत पिळत सॉकेटमध्ये बसवली, सॉकेटच्या काठाशी नळीवर पेनाने रेघ मारली. मग सॉकेट शिकंज्यात धरून, नळीच्या आत शिरणाऱ्या निपलला तेल लावून ते पान्याने आवळलं. रेघ जागची हलली नाही, म्हणजे नळी मागे सरकली नव्हती. दुसरं टोकही तसंच केलं. आतला कचरा हवेने उडवला, एक टोक बंद करून नळी बादलीत बुडवली आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. सासूबाई बादलीवर वाकून बघत होत्या.

"एक बुडबुडा नाही," त्या म्हणाल्या. आवाजात फारसा आनंद नव्हता.

नळी लावून गाडी अर्धा तास चालू ठेवली. दोन्ही सांध्यांवरून पांढरा कागद फिरवला. कोरडा.

"बसा, आई. आता तुम्ही सांगा."

सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. डोळे मिटले. बराच वेळ नाक फुलवून हुंगत राहिल्या.

"येतोय," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी पुन्हा कागद फिरवला. टाकीचं झाकण पाहिलं, गाडीखाली आडवे होऊन पाहिलं. सगळं कोरडं ठणठणीत. ते कपडे झटकत खिडकीशी आले. सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"आई, नक्की?"

"नाक माझं आहे की तुमचं?"

"किती येतोय?"

"तीन तासांचा प्रवास सोसणार नाही, एवढा."

मिस्त्रींनी बॉनेट खाली केलं. मग हात पुसून त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"उद्या नाही जमणार. पेट्रोलचा सांधा गळतोय."

"कुणी बसवला?"

"मीच."

"तुमचा सांधा गळतो, भाऊजी?"

"गळतो," मिस्त्री म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, आणि वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

"मग मी येतो आईला न्यायला."

खिडकीतून हात बाहेर आला. मिस्त्रींनी फोन दिला.

"तू कशाला धावपळ करतोस?" सासूबाई म्हणाल्या. "इथे टेप धरायला माणूस लागतं. मी इथे बरी आहे. तूच सुट्टीत पोरांना घेऊन ये, चार दिवस राहा. आणि सुनेला सांग, रागाने नाही म्हणत." फोन परत देऊन त्या उतरल्या आणि पिशव्या रिकाम्या करायला आत गेल्या.

रविवारी दोघं त्याच गाडीने भाजी आणायला गेले. रस्त्यावर धूळ होती म्हणून सासूबाईंनी सगळ्या काचा वर करायला लावल्या, आणि जाता-येता कोबीच्या भावावर बोलत राहिल्या.