संघासाठी एक गुडघा

सोनलच्या लग्नाची तारीख दोनदा बदलली. पहिल्यांदा तिची आजी आजारी पडली म्हणून, आणि दुसऱ्यांदा कॉलेजच्या कबड्डीचा अंतिम सामना त्याच दिवशी आला म्हणून. तिच्या माहेरी, तळा गावी, सगळ्यांना वाटलं व्याही चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. थळजवळच्या तिच्या सासरच्या घरात भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते, आणि त्यांच्याच ओळीत, तेवढ्याच जाड चौकटीत, तालुक्याच्या कॉलेजचा अठ्ठ्याहत्तर सालचा कबड्डी संघ होता. हार तिन्ही तसबिरींचे एकाच दिवशी बदलायचे.

संघाच्या फोटोत मधोमध मांडी घालून बसलेला पोरगेला माणूस म्हणजे तिचे सासरे, कृष्णाजी. निखळलेल्या खांद्याने त्यांनी शेवटची चढाई केली आणि कॉलेजला ढाल मिळवून दिली, ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकावी लागे. मग तो सोयरा असो की विजेचं मीटर बघायला आलेला माणूस. तो हात त्यानंतर कधी छातीच्या वर गेला नाही, हे मात्र गोष्टीत नसे. सासूबाई गेल्यापासून सकाळी सदऱ्याची बाही चढवायला ते सोनललाच हाक मारत. खत कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत त्यांनी हलकं काम मागून घेतलं होतं. ते सांगताना मात्र आवाज खाली यायचा.

तिचा नवरा परेश याला संघात कधी घेतलंच नाही. तीन वर्षं तो पाण्याच्या बाटल्या वाहत राहिला. ज्याच्या पानात काही पडत नाही, तोच पंगतीचं गुणगान जास्त करतो, तसं त्याचं झालं. न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कारकुनी करायचा, आणि सामन्याच्या दिवशी हटकून त्याच्या पोटात दुखायचं. साहेबालाही ते दुखणं पाठ झालं होतं.

सोनल शाळेत शिक्षिका. सुरुवातीला तिला या वेडाचं हसू यायचं. पुढे वीट आला. मोसमात घरभर खेळाडू लोळत. मोरीत मरून रंगाच्या जर्सी भिजत पडत, त्यांचा आंबूस वास भाताच्या वाफेतही शिरे. अंगणात गुटख्याच्या पिचकाऱ्या. तरीही स्वराज, तिचा मुलगा, पहिल्यांदा कॉलेजकडून चढाईला गेला, दोन गडी टिपून हरणासारखा परत आला, तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांत तीही होती. ते तिला नाकारता येत नव्हतं.

त्या वर्षी पेणच्या सामन्यात स्वराजचा गुडघा मुरगळला. ती शाळेत होती. बाप आणि आजोबा त्याला अलिबागला दाखवून आले.

"लचकलाय," परेश म्हणाला. "शेक दिला की झालं."

म्हणून सोनल रोज मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोराचा गुडघा शेकत बसली. सूज उतरेना. स्वराज दात आवळून हसायचा आणि म्हणायचा, "आता बरंय, आई."

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी ती अलिबागच्या बाजारात बोंबील घेत होती. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला. माहेरच्या गल्लीतली राही. ती अलिबागेत तपासणी केंद्रात कामाला होती.

"सोनलताई, मग ऑपरेशन कुठं करताय? मुंबईला?"

"कुणाचं ऑपरेशन?"

"अगं, स्वराजचं!" राही हसली, आणि सोनलचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. "गुडघ्यातला दोर, लिगामेंट, तुटलाय ना त्याचा. डॉक्टर म्हणाले, जिनासुद्धा जपून चढ. मी तिथंच होते ताई. तुझे सासरे होते, मालक होते. तुला म्हाईत न्हाय?"

"ते काय म्हणाले?"

राहीला सांगावंसं वाटेना. "सासरे म्हणाले, एकच सामना राहिलाय हो डॉक्टर, मग काय कापायचं ते कापा."

सोनलने बोंबलांची पिशवी तिथेच कोळणीच्या पाटीवर ठेवली आणि रिक्षा पकडली.

कॉलेजच्या मैदानावर मंडप होता, भोंगे होते, आमदारकीची स्वप्नं बघणाऱ्यांचे फ्लेक्स होते. मंडपाच्या मागे पडदा लावून संघाची खोली केली होती. पडदा सारला आणि ती तिथेच थिजली.

स्वराज बाकावर उताणा होता, तोंडात टॉवेल कोंबलेला. परेशने त्याचा पाय घोट्याजवळ दाबून धरला होता. कृष्णाजींनी चांगल्या हाताने नातवाचं डोकं छातीशी घेतलं होतं. गुडघ्यात सुई खुपसणारा माणूस कुठला तरी कंपाउंडर होता, तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. शेजारी हरेश्वर सर, संघाचे प्रशिक्षक, बिर्याणीचं खोकं मांडीवर घेऊन जेवत होते. हाड चोखता चोखता ते म्हणाले, "थोडं आतल्या बाजूला दे रे. मागच्या खेपेला भूल अर्ध्यातच उतरली होती."

मागच्या खेपेला. म्हणजे उपांत्य सामन्यालाही.

बकरं धरतात तसं धरलंय, एवढंच तिच्या मनात आलं. स्प्रेचा, मसाल्याचा आणि घामाचा मिळून असा एक भपका आला की तिने पदर नाकाला लावला.

"सोडा त्याला," ती म्हणाली.

"सोनल, तू इथं कशाला?" परेशने पाय सोडला नाही.

"दोर तुटलाय त्याचा. तुम्हाला माहीत होतं. बाबा, तुम्हालासुद्धा."

कृष्णाजी शांतपणे म्हणाले, "सूनबाई, माझा खांदा निखळलेला व्हता. मेलो का मी?"

"तुमच्या सदऱ्याची बाही कोण चढवतं बाबा?"

सरांनी खोकं बाजूला ठेवून हात पुसले. "ताई, तुमचा मुलगा सज्ञान आहे. त्यालाच विचारा ना."

तिने स्वराजकडे पाहिलं. त्याने टॉवेल काढला. डोळे पाण्याने भरलेले, पण आवाज कडक. "आई, तू घरी जा. सगळ्यांसमोर माझी लाज काढू नकोस."

ती घरी गेली नाही. पण त्याला हात धरून उठवलंही नाही. मंडपाच्या कडेला खांब धरून उभी राहिली.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. शेवटच्या चढाईला स्वराज गेला. त्याने डावीकडच्या गड्याला टिपलं, मागे फिरला, आणि दोघांनी त्याची मांडी धरली. तो मध्यरेषेकडे झेपावला. गुडघा एकीकडे गेला आणि तो दुसरीकडे. बोटं रेषेला लागली. पंचांनी हात वर केला आणि मंडप फुटल्यासारखा गरजला.

पोर किंचाळत होतं. ते कुणालाच ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी ते जिंकल्याचं ओरडणं वाटलं. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. खालचा पाय वाऱ्यावर वाळत टाकलेल्या कपड्यासारखा भलत्याच दिशेला लोंबत होता. कुणी त्याच्या तोंडावर गुलाल फेकला, तो नाकातोंडात जाऊन त्याला ठसका लागला. कुणी त्या लोंबत्या पायाच्या पुढे उभं राहून सेल्फी घेतला. गर्दीतून वाट काढत, "अरे, खाली ठेवा त्याला! पाय बघा त्याचा!" असं ती ओरडत होती, तर शेजारचा एकजण म्हणाला, "वहिनी, आज रडायचं न्हाय!" आणि त्याने तिच्याही कपाळाला गुलाल फासला. त्याचा हात तंबाखूने बरबटलेला होता.

दवाखान्यात कृष्णाजींनी पेढे वाटले. नर्सला दिले, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिले, सोनलपुढेही खोकं धरलं. ती उठली, मोरीत गेली आणि ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी पडत राहिलं.

दोन ऑपरेशनं झाली. स्वराज चालू लागला, पण पाय ओढून. पळणं संपलं. सोनलने प्राचार्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला, खेद व्यक्त केला, आणि संघाचा फोटो तुमच्या घरी पोचला का, असं विचारलं. फोटो पोचला होता. परेशने तो अठ्ठ्याहत्तरच्या शेजारी लावलाही होता. संध्याकाळी बाप, लेक आणि आजोबा मोबाईलवर ती शेवटची चढाई लावून बसत. स्वयंपाकघरात तिला गर्दीचा आवाज ऐकू येई. मग सगळे एकदम "हां!" म्हणत. पुन्हा पहिल्यापासून.

ती जेवण वाढायची आणि उठायची. त्यांच्या पंगतीला बसायचं तिने सोडलं.

पुढच्या मोसमात कॉलेजने स्वराजला संघाचा मदतनीस केलं. मरून ट्रॅकसूट मिळाला. पोरगं पुन्हा हसू लागलं, म्हणून तिलाही क्षणभर बरं वाटलं. मग एका रात्री जेवताना तो बापाला सांगू लागला, "प्रथमेशचं घोट्याचं हाड चिरलंय बहुतेक. पण काल सुई दिली आणि काय खेळला, पप्पा! मीच धरला होता पाय. लाथा झाडत होता नुसता."

परेश हसला. कृष्णाजी मान डोलावून म्हणाले, "दमाचं पोरगं हाय."

सोनलने आमटीचं पातेलं खाली ठेवलं. तिने पोराच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांना तेल लागलेलं, डोळे चमकत होते. हरेश्वर सरांना हाड चोखताना पाहिलं तेव्हा जशी शिसारी आली होती, तशीच आता आली, आणि ती पोटच्या पोराची आली. आई होऊन असं वाटावं याचीही तिला किळस वाटली.

सकाळी ती शाळेत न जाता थळच्या कोळीवाड्यात गेली. प्रथमेशची आई कमळ ओसरीवर मांदेली साफ करत बसली होती. सोनलने आपण कोण ते सांगितलं आणि मग बाकीचं, काही न गाळता.

कमळचा कोयता थांबला. "मना तर बोलला, मुका मार हाय. मी हळद लावतंय रोज."

"मीही शेकच देत होते," सोनल म्हणाली.

"आज मॅच हाय त्याची."

"म्हणूनच आले."

कमळने हात धुतले नाहीत. तशीच उठली. दोघी रिक्षाने मैदानावर गेल्या. या खेपेला पडदा कमळने सारला. आत सुई अजून भरायची होती. खवले चिकटलेल्या हाताने तिने प्रथमेशची मानगूट धरली आणि त्याला बाकावरून ओढलं. तो "आये, सोड, आये, लोक बघतात," म्हणत राहिला. तिने सर्वांसमोर त्याच्या थोबाडीत दिली आणि त्याच हाताने लंगडत्या पोराला काखेत घेऊन रिक्षापर्यंत नेलं. हरेश्वर सर मध्ये आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुजा पोर घाल ना आत."

कॉलेज हरलं. मैदानातून बाहेर पडताना लोकांनी सोनलची हुर्यो उडवली. घराच्या भिंतीवर कुणीतरी शेण मारलं. परेशने चार माणसांत तिची बाजू घेणं शक्यच नव्हतं, एकटा असतानाही त्याने घेतली नाही. कृष्णाजी म्हणाले, "घराण्याच्या तोंडाला काळं फासलंस," आणि सदऱ्यासाठी शेजारच्या पोराला हाक मारू लागले. तिने त्यांना तसं करू दिलं.

स्वराज तिच्याशी बोलेना. मोसम संपला तरी बोलेना. एका दुपारी ती मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होती. तो पायरीवर येऊन बसला, खराब पाय लांब करून.

"प्रथमेश खेळणार म्हणे पुन्हा," तो म्हणाला. "दिवाळीनंतर. प्लास्टर निघालं. घोटा नीट जुळलाय."

"बरं झालं."

तो हाताने गुडघा चोळत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "त्याची आई आली आणि ओढून घेऊन गेली. मला का नाही ओढलंस तू?"

"तूच म्हणालास, घरी जा म्हणून."

"मी म्हणालो!" त्याचा आवाज चिरकला. "मला काय कळत होतं? टॉवेल होता माझ्या तोंडात, आई."

तिच्या हातात त्याचाच मरून ट्रॅकसूट होता, अजून पाणी गळत असलेला. तिला पडद्याजवळची ती स्वतः दिसली, नाकाला पदर लावून उभी. शिसारी येणं सोपं होतं. ती तेवढंच करून खांबाला जाऊन उभी राहिली होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते तिला कळलं नाही. मग तो उठायला गेला आणि गुडघा आखडला. तिने कपडा दोरीवर टाकला आणि त्याच्या काखेत हात घातला. या वेळी त्याने तो झटकला नाही.