डावी सीट

माझ्या जुन्या ट्रकात नवं इंजिन बसलं होतं. जुन्याचा ब्लॉक तडकला आणि त्याचे भाग कुठेच मिळेनात, म्हणून दिल्लीतल्या मायापुरीच्या गुरनाम मिस्त्रीने मोडीत निघालेल्या एका गाडीचं पेट्रोल इंजिन आणलं. आज त्याच्यावरच्या वस्तू लावायच्या होत्या. पाण्याचा पंप, अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर. सगळे एकाच लांब पट्ट्यावर फिरतात.

एसी माझ्या बायकोसाठी, वैजयंतीसाठी होता. ग्वाल्हेरला तिची बहीण असते. तिथे ट्रकने जायचं म्हटलं की वैजयंती म्हणायची, "अहो, तुमच्या या भट्टीत बसले तर पोळीसारखी भाजून निघेन. आधी एसी लावा, मग येते." तेव्हा जमलं नाही. मागच्या हिवाळ्यात ती वारली.

गुरनामने कॉम्प्रेसर धरून पाहिला आणि मान हलवली. तो बरोबर बॅटरीच्या जागेवर येत होता.

"बैटरी अंदर लेनी पड़ेगी, अंकलजी. लेफ्ट वाली सीट निकाल देते हैं."

"मागे हौद्यात ठेव ना," मी मराठीतच बोलून गेलो, मग हिंदीत सांगितलं.

"पीछे? दिल्ली है जी. सुबह तक बैटरी किसी और के ट्रक में होगी." तो हसला. "वैसे भी वहाँ बैठता कौन है?"

"मेरी वाइफ बैठती है."

कसं तोंडून निघालं कळलं नाही. गुरनामला काहीच माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे नेहमी एकटाच जायचो.

"तो फिर एसी ज़रूरी है!" तो म्हणाला. "आंटीजी जून में बैठेंगी इसमें? आपको घर से निकाल देंगी. उनके लिए पीछे कोई जुगाड़ करते हैं."

त्याने टेप काढला आणि सीटखाली मोजायला लागला. सीटच्या फाटक्या कोपऱ्यावर वैजयंतीने तिच्या निळ्या ब्लाउजच्या कापडाचं ठिगळ लावलं होतं. टेपचं टोक त्यावर टेकलं.

"रहने दे," मी म्हणालो. "एसी नहीं चाहिए. सीट रहेगी."

"और आंटीजी?"

"नहीं रहीं."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं.

गुरनामने टेप गुंडाळला. कॉम्प्रेसर उचलून कोपऱ्यात ठेवला. पण त्याच्याशिवाय पट्टा ढिला पडत होता, म्हणून त्या जागी एक साधी पुली लावली. ती काहीच चालवत नाही, फक्त पट्टा ताणून धरते आणि फिरते.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. पट्ट्याचा आवाज ऐकायला त्याला सोबत यायचं होतं. दार उघडून तो उभाच राहिला.

"बैठूँ?"

"बैठ."

बसण्याआधी त्याने तेलकट पँटखाली वर्तमानपत्र पसरलं. डावी काच खाली करून कान बाहेर काढला. शेजारच्या नारायणा भागापर्यंत जाऊन आलो. पट्टा गप्प होता. "भट्टी है ये तो," तो घाम पुसत म्हणाला. मी हो म्हटलं.

त्याला गॅरेजवर सोडून दिल्लीतल्याच द्वारकेकडे, घरी निघालो. डावी काच उघडीच राहिली होती. पुढे धूळ आणि धूर आत यायला लागला. सिग्नलला मी हात लांब करून पाहिला, पण माझ्या सीटवरून तिच्या हँडलपर्यंत हात पोहोचत नाही. ती काच नेहमी वैजयंतीच लावायची.