नानांशेजारची जागा

"सिंधुबाई, तुम्ही मला वेड लावणार आहात," मी डोक्याला हात लावून म्हणालो. "ती जागा तुमची आहे. तुमच्या नवऱ्याच्या कबरीशेजारची."

"माझी आहे म्हणूनच देतेय ना. दुसऱ्याची कशी देईन?"

मी आमच्या चर्चच्या कबरस्थान कमिटीचा कारकून. बावीस वर्षं जागेसाठी लोकांची भांडणं ऐकतोय. जागा सोडायला आलेली ही पहिलीच बाई. आणि सोडायची कुणासाठी, तर सावित्रीसाठी! जिच्यापायी नानांनी सिंधुबाईंचं घर सोडलं, तिच्यासाठी. ती आज सकाळीच वारली होती. नानांसाठी तिने बाप्तिस्मा घेतला, म्हणून कळवणच्या माहेराने केव्हाच पाठ फिरवलेली. आमच्याकडे नवी जागा एकही उरली नव्हती. राखीव जागा द्यायची ती फक्त चर्चमध्ये लग्न लागलेल्या जोडीदाराला, असा साफ नियम.

"नानांचं लग्न तुमच्याशी लागलंय," मी म्हणालो.

"मला सांगताय? मीच उभी होते तिथे."

मला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. "हे बघा, तुम्ही तिला माफ केलंत, चांगलं केलंत. प्रेमावर आपण दर रविवारी ऐकतोच. पण त्याला काही मर्यादा?"

"कुणी माफ केलंय?" त्या उसळल्या. जन्मभर वॉर्डात नर्स होत्या, आवाज अजून तोच. "डोक्यात जायची ती माझ्या. अजून जाते. मेलीसुद्धा ऐन चर्चच्या वेळेला! पण नाना लकव्याने सहा वर्षं तिच्याकडे पडून होते, देवराम. शेवटची आंघोळ मी घातली त्यांना. पाठीवर एक जखम नव्हती. एक! त्याला काय करावं लागतं, ते मला विचारा."

नियम सांगत बसल्याची लाजच वाटली. पास्टरांना फोन लावून सगळं सांगितलं, तेही हो म्हणाले.

"पण उद्या तुमचं काय? जागा नाही हो सिंधुबाई!"

"ते तुम्ही बघा. मला काही घाई नाहीये."

दुपारी आम्ही सगळे मिळून सहाजण होतो. पेटी खाली उतरवली. प्रार्थना झाली. पहिली मूठ घरच्यांनी टाकायची असते, म्हणून पास्टर थांबले.

"घरचं कोणी आहे का?"

नानांच्या भावकीतलं कुणी आलंच नव्हतं. पास्टरांनी पुन्हा विचारलं.

सिंधुबाईंनी वैतागून पर्स माझ्या हातात कोंबली, चपला काढल्या आणि गुडघा धरत खाली वाकल्या.

"आहे की. मी आहे," त्या म्हणाल्या, आणि मूठ भरून माती घेतली.