इनायत वकिलांच्या पुस्तकांवरचा शिक्का

मी एक रबरी शिक्का आहे; अंबडच्या सार्वजनिक वाचनालयाचा. १९६९ साली जालन्याच्या मस्तगडातील एका कारागिराने मला लाकडी मूठ बसवली, त्याच वर्षी वाचनालयाला शासनमान्यता मिळाली. मान्यतेबरोबर नियमही आले: नोंदवहीत क्रमांक आणि पहिल्या पानावर शिक्का नसेल, तर ते पुस्तक वाचनालयाचे नव्हे.

या जबाबदारीचे मला सतत दडपण वाटे. शाई कमी झाली तर नाव अपुरे, जास्त झाली तर फराटा. टेबलावरून मी सारे पाहत असे. सकाळी कोर्टाच्या तारखेला आलेले लोक वर्तमानपत्रे चाळत बसत. संध्याकाळी पुस्तकांची देवघेव चाले. शनिवारी ग्रंथपाल संपत सायकलला पिशवी अडकवून बायकांसाठी घरोघर पुस्तके पोचवी.

१९७३ मध्ये इनायत वकील हैदराबादला मुलाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी एकशे बारा उर्दू पुस्तके वाचनालयाला दिली आणि प्रत्येकात पुस्तकाच्या नावाची मराठी चिठ्ठी घातली. संपत मराठी शाळेत शिकलेला; उर्दू त्याला येत नसे. दोन दुपारी खपून त्याने क्रमांक घातले, शिक्के मारले. मी नीट उमटलो. काही चुकत आहे अशी शंका मला आली नाही, हे कबूल करतो.

फेब्रुवारी १९७५ मध्ये तपासणी आली. तपासनीस साहेब निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी एक उर्दू पुस्तक, उर्दू वाचतात तसे, सराईतपणे उजवीकडून उघडले. पहिले पान कोरे. दुसऱ्या पुस्तकाचेही तेच. दहाव्याचेही.

"शिक्का कुठंय?"

"मारलाय साहेब. म्या सोता मारला."

"मंग काय उडून गेला? तपासणीपुरती उसनी पुस्तकं मांडणारे लई पाहिले मी. एवढी वजा केली तर तुमची ग्रंथसंख्या भरत न्हाई. मान्यता जाईल."

मी संपतच्या मुठीत होतो. मी उमटलो होतो, एवढे मला ठाऊक होते. कोठे, ते ठाऊक नव्हते.

तेवढ्यात निवृत्त उर्दू शिक्षिका रहिमुन्निसा आपा पुस्तक बदलायला आल्या. दारातच त्यांनी सारे ऐकले.

"साहब, शिक्का हाये की. पार शेवटच्या पानावर."

त्यांनी पुस्तक उलटे करून मागचे पान उघडले. तेथे मी होतो, सरळ आणि ठळक.

"दोन वर्षं वाचून राह्यल्या, अन् बोलल्या न्हाईत?" साहेबांनी विचारले.

"मला वाटलं, सरकारचा कायदाच तसा असंल. सरकारला कोन टोकणार?"

"आपा, मला तेच पहिलं पान वाटलं!" संपत म्हणाला.

"बेटा, निकाहाच्या आधीच बिदाई करून टाकली की तू."

साहेब हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिले. तीन वाजले होते. "पाचला माझी जालन्याची बस. तवर सगळ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर शिक्का दिसला तर संख्या धरीन. न्हाईतर जे दिसलं तेच लिहीन."

आपा पान उघडत गेल्या आणि संपत मला दाबत गेला. साठाव्या पुस्तकाला माझ्या कडेला चीर पडली. 'अंबड'मधला 'अं' उमटेना. तुटक्या नावाचा शिक्का धरतात की नाही, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हते. विचारायची हिंमत कोणी केली नाही.

शेवटचे पुस्तक साहेबांनी हाती घेतले. ते त्या अपुऱ्या नावाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग शेऱ्यात लिहिले: "ग्रंथ वाचनालयाचेच आहेत." आणि बसकडे निघाले.

आता जालन्याहून नवा शिक्का आला आहे. मी खणात पडून असतो. वाचकहो, एकच विनंती. माझी चूक ज्यांना दिसत होती, त्या दर आठवड्याला दारात येत होत्या. तुम्हाला काही खटकले, तर कायदा समजून गप्प राहू नका. ग्रंथपालाला सांगा. तो रागावणार नाही; फार तर घाबरेल.